आमचं आजारी वावर बरं झालं

बकरा जिवंत होता.

नोव्हेंबर संपत आला होता. सकाळी प्लॉटवर पोचले, बांधाला स्कूटर लावली आणि पहिल्याच ओळीपाशी थबकले. ओळ हिरवीगार. पुढची बकऱ्याची ओळ पाहिली, तीही हिरवीगार. तिच्या पुढचीला तर फुलं लागायला सुरुवात झाली होती. एखाद्या शेतकऱ्याने हे पाहिलं असतं तर नारळ फोडला असता. मी डोक्याला हात लावला.

हे बकरा प्रकरण आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

मी रोगशास्त्रज्ञ. माणसांच्या नव्हे, पिकांच्या रोगांची. नाशिकजवळच्या एका कडधान्य संशोधन केंद्रावर माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. हरभऱ्याला 'मर' नावाचा रोग होतो. मातीत एक बुरशी असते, ती मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. झाड उभ्याउभ्या सुकतं. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. ही बुरशी एकदा वावरात घुसली की हरभरा पेरा नाहीतर नका पेरू, वर्षानुवर्षं दडून बसते. फवारणी करून भागत नाही, कारण दुखणं पानावर नसतं, मातीत असतं. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असा उपाय एकच. मरीला दाद न देणारं बियाणं.

असं बियाणं ओळखायचं तर ते मरीसमोर उभं करावं लागतं. त्यासाठी आम्ही एक वावर मुद्दाम आजारी पाडतो आणि आजारीच ठेवतो. त्याला म्हणतात सिक प्लॉट. मेलेली झाडं गोळा करायची, बारीक तुकडे करायचे, त्याच वावरात गाडायची. दरवर्षी. सगळीकडे रोग सारखा पसरला पाहिजे, एक कोपरासुद्धा निरोगी राहता कामा नये. लोक लेकरांना बाळसं धरायला लावतात, मी बुरशीला लावलं. दहा गुंठ्यांचा तो तुकडा पुरता आजारी व्हायला माझी सात-आठ वर्षं गेली होती आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आता बकरा. सिक प्लॉटमध्ये दर दोन ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची पेरतात, जो मरीपुढे महिनाभरही टिकत नाही. तो मेला म्हणजे जमिनीत रोग शाबूत आहे. तो मेला आणि शेजारची ओळ जगली, म्हणजे शेजारची खरी ताकदीची. इंग्रजीत त्याला चेक म्हणतात. आमच्या निंदणीच्या बायका त्याला बकरा म्हणायच्या, मग आम्हीही म्हणायला लागलो. मोठ्या मीटिंगमध्येसुद्धा जुने लोक चहा घेताना विचारायचे, 'काय बाई, बकरा पडला का?' बकरा पडला नाही तर बाकी कोण जगलं, याला काडीचा अर्थ नाही.

आणि त्या वर्षी बकरा फुलावर आला होता.

मी प्लॉटभर फिरले. कडेला, बांधाच्या सावलीत चार-दोन झाडं माना टाकून होती. बाकी सगळं गोकुळ. मी खाली बसले. मला एकच विचार येत होता, हे गोसावी सरांना कोण सांगणार?

गोसावी सर आमचे पैदासकार. पैदासकार म्हणजे दोन वाणांचा संकर करून तिसरा, जास्त चांगला वाण तयार करणारा माणूस. हरभऱ्याचं फूल मुगाच्या दाण्याहून थोडं मोठं. ते उमलायच्या आधी चिमट्याने उघडायचं, त्यातले पुंकेसर मोडू न देता काढायचे, आणि दुसऱ्या झाडाचे परागकण आणून लावायचे. थंडीत बोटं वळत नाहीत अशा सकाळी सर हे स्वतः करायचे, मजुराच्या हाती कधी दिलं नाही. बायका म्हणायच्या, 'सरांचं लगीन लावायचं काम चाललंय, जाऊ नका तिकडं.' सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. उंच, सडपातळ, मफलर डोक्याला. बोलायचे कमी आणि बोलले की हळू.

त्यांनी येवल्याकडचा एक टपोरा, चवीचा गावरान हरभरा घेतला होता. गुण सगळे, पण मर आली की आधी हाच झोपायचा. त्याचा संकर एका बारीक, काळपट, कुणी फुकट दिला तरी घेणार नाही अशा वाणाशी केला. पण तो मरीला हूं की चूं करायचा नाही. ताकद आईबापांच्या जनुकांतून उतरते, पण सरळ उतरत नाही. दुसऱ्या पिढीत सगळं फुटतं, भाऊ भाऊ वेगळे निघतात. कुणाला रूप मिळतं, कुणाला तब्येत, पुष्कळांना दोन्ही मिळत नाही. मग पिढीमागून पिढी माझ्या आजारी वावरात पेरायची. मेली ती गेली. जगली त्यांतली टपोरी निवडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा मरणाच्या दारात उभी करायची. असं करत करत सरांकडे एक ओळ राहिली. तिला नाव नव्हतं. नोंदीतला नंबर सतरा, म्हणून सगळे 'सतरा नंबर' म्हणायचे.

वाण शेतकऱ्याला द्यायचा तर तो आधी समितीकडून रिलीज व्हावा लागतो. समितीला तीन हंगामांची मरीची माहिती लागायची, तीही सलग. दोन हंगाम झाले होते. दोन्ही वेळा बकरा साफ झोपला आणि सतरा नंबर ताठ उभा. हा तिसरा. सर पुढच्या मे महिन्यात रिटायर होणार होते, आणि ज्या योजनेच्या पैशावर हे काम चाललं होतं, ती त्याच सुमारास संपणार होती. म्हणजे हा हंगाम गेला तर सतरा नंबरही गेला. त्या सकाळी हे सगळं त्या हिरव्या ओळींवर टांगलेलं होतं.

सर आले. मी ओळींकडे हात केला. त्यांनी एक ओळ पाहिली, दुसरी पाहिली. मग वाकून एक झाड उपटलं. बकऱ्याचं. खिशातून ब्लेड काढून खोड चिरलं. आत पांढरं स्वच्छ.

"बी तर बदललं नाही ना, आहेरबाई?"

"पाकीट मी माझ्या हाताने फोडलं सर. बकराच आहे. पानं बघा ना, त्याचीच आहेत."

"पेरणी उशिरा झाली?"

"नाही. दसरा झाला आणि पेरलं. दरवर्षीसारखंच."

"ओल?"

"व्यवस्थित."

त्यांनी हातातली माती चुरगाळली, नाकाशी नेली. "शेणखत कुणी घातलं यात?" त्यांनी विचारलं. मीही वास घेतला. सिक प्लॉटची माती मला पाठ होती, ती अशी भुसभुशीत नसायची. माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा प्रकाश पडला की दोष बियाण्याचा नाही, वावराला काहीतरी झालं आहे.

त्या उन्हाळ्यात मी नाशकात नव्हते. केंद्राने मला ट्रेनिंगला हैदराबादला पाठवलं होतं, परत आले तेव्हा पाऊस सुरू होऊन गेला होता. सरांचं काम हिवाळ्यातलं, उन्हात ते बियाण्याच्या खोलीत असायचे. प्लॉट माझ्याकडे, आणि मी परगावी. आम्ही शेत अधीक्षकांना बोलावलं. शेत अधीक्षक म्हणजे नांगर, ट्रॅक्टर, मजूर, पाणी हे सगळं ज्याच्या हाताखाली चालतं तो माणूस. आमच्याकडे निरगुडे नावाचे गृहस्थ त्याच वर्षी दिंडोरीकडून बदलून आले होते. हसतमुख, कामाला वाघ, कुठल्याही कामाला 'करून टाकू' म्हणणारे.

ते मोटरसायकलवरून उतरले ते हसतच.

"मॅडम, मी वाटच बघत होतो तुम्ही कधी बोलता म्हणून. बघितलं ना?"

"काय बघितलं?"

"अहो प्लॉट! काय होता आणि काय झाला. मी आलो तेव्हा मार्चमध्ये नुसती धसकटं होती इथं. मेलेली. मी म्हटलं, एवढ्या चांगल्या फार्मवर असं खरजुलं वावर कसं? कुणाचं लक्षच नाही."

सरांनी डोळे मिटले.

मी विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

त्यांनी सगळं सांगितलं, उत्साहाने, बोटांवर मोजत. त्या वर्षी केंद्रावर शाश्वत शेतीचा एक नवा प्रकल्प आला होता. जमिनीचं आरोग्य सुधारायचं, रसायन कमी करायचं, आणि शेतकऱ्यांना आधी-नंतर दाखवायचं. त्यासाठी फार्मवरचा सगळ्यात वाईट तुकडा निवडा असं पत्र होतं. निरगुड्यांनी फार्म पालथा घातला आणि सगळ्यात वाईट तुकडा बरोबर शोधून काढला. मग खोल नांगरट केली. ऐन मे महिन्यात पाणी देऊन वर पारदर्शक प्लास्टिक पेपर अंथरला, कडा मातीने बुजवल्या. त्याखाली माती तापते आणि बुरशी उकडून मरते. मग निंबोळी पेंड, कुजलेलं शेणखत, आणि त्यात कालवून मित्रबुरशी, म्हणजे वाईट बुरशीला खाणारी चांगली बुरशी. एकही गोष्ट चुकीची नव्हती. पाठ्यपुस्तकात लिहिलंय तशी ट्रीटमेंट. परीक्षेत मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

"निरगुडे," सर हळूच म्हणाले, "तो मुद्दाम आजारी ठेवलेला होता हो."

निरगुड्यांना कळलंच नाही. कसं कळणार? चांगला शेतकरी कुठल्याही वावराकडे एकाच नजरेने बघतो. आजारी वावर कुणी मुद्दाम पाळतं, हे त्यांच्या बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. मी सगळं समजावलं. बकऱ्यासकट. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पण मॅडम, पाटी कुठं होती? एक पाटी असती तर मी पाय तरी ठेवला असता का?"

पाटी होती. लाल अक्षरांत, मोठी, 'मररोगग्रस्त क्षेत्र, संशोधनासाठी राखीव'. दोन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे होते म्हणून आमच्या केंद्रप्रमुखांनी फेरी मारली होती. पाटी बघून ते म्हणाले, "हे काय? केंद्रावर रोग आहे असं जाहीर करताय का? काढा ती." मी वाद घातला होता. ऑफिसात घातलेल्या वादाचं जे होतं ते झालं. पाटी गोडाऊनमध्ये गेली आणि पुढे तिच्या पत्र्याने कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर झालं. फार्मच्या नकाशावर तुकड्याला फक्त नंबर होता, आणि नंबराला आजार लिहायचा रकाना नसतो.

निरगुडे बांधावर बसले. मला वाटलं होतं मी त्यांच्यावर ओरडेन. तोंडाशी आलंही होतं. पण तो माणूस इतका ओशाळला होता की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. त्याने एका उन्हाळ्यात जे केलं, ते करायला शेतकऱ्यांनी शिकावं म्हणून आम्हीच गावोगाव भाषणं देत होतो. त्याच्या नावाने खडे तरी कोणत्या तोंडाने फोडायचे?

दुपारी केंद्रप्रमुखांकडे गेलो. साहेब तसे दुष्ट नव्हते. अडचण आली की ती कागदावरून नाहीशी करायची, एवढीच त्यांची हातोटी.

"सतरा नंबर जगलाय ना?" त्यांनी विचारलं.

"जगलाय," सर म्हणाले.

"किती टक्के?"

"जवळजवळ सगळा."

"मग अडलंय कुठं? तेवढं लिहा. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही साहेब. पण बकराही जगलाय."

"बकऱ्याचं कोण विचारतंय? समितीला तुमचा वाण हवाय. बकऱ्याला मागच्या वर्षीचाच आकडा टाका. तुम्ही रिटायर होताय गोसावी, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

मी सरांकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, लिहून टाकावं. सतरा नंबरमध्ये ताकद होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोन वर्षं डोळ्यांनी बघितलेलं होतं. तिसऱ्या वर्षीही वावर आजारी असतं तर तो उभाच राहिला असता, यावर मी आजही पैज लावीन.

सर म्हणाले, "साहेब, उद्या त्याच्यावर कुणी बोट ठेवलं तर मी काय दाखवू? मला एक वर्ष वाढवून द्या. नाहीतर हा हंगाम अवैध लिहितो."

"वर्ष माझ्या हातात नाही."

"मग अवैध लिहितो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, फार ताठ वागलात." ते म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर बकऱ्याच्या जिवावर माझी पोरं निवडली. आता तो जगला तर त्याला मेला म्हणू?" आणि मफलर गुंडाळून बियाण्याच्या खोलीकडे गेले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं.

एक वाट अजून राहिली होती. दौलतभाऊ.

दौलतभाऊ येवल्याच्या पूर्वेकडचे शेतकरी. काळी, भारी जमीन, विहिरीला पाणी जेमतेम, आणि एका वावरात मर अशी मुरलेली की त्यांनी हरभरा सोडायचाच बाकी ठेवला होता. आधीचे दोन हंगाम सतरा नंबरची छोटी चाचणी आम्ही त्यांच्या त्या वावरात घेतली होती. त्यांचा स्वतःचा हरभरा शेजारी माना टाकत होता आणि आमचा घाट्यांनी लगडला होता. चाचणीचं सगळं पीक मोजून केंद्रावर न्यायचं असतं, रिलीज न झालेलं बी शेतकऱ्याकडे ठेवता येत नाही. दौलतभाऊंनी दुसऱ्या वर्षी विचारलं होतं, "सर, शेरभर ठेवू का बियाला?" सर म्हणाले होते, "आत्ता नको. रिलीज झालं की पहिली पिशवी तुमच्या दारात. मी स्वतः घेऊन येईन." दौलतभाऊ म्हणाले, "तुम्ही म्हणता तर न्या समदं." आणि खळं झाडून, सांडलेले दाणेसुद्धा वेचून त्यांनी आमच्या पोत्यात टाकले होते. एवढा प्रामाणिक माणूस. तेव्हा बेइमानी केली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं.

आम्ही दोघं जीपने येवल्याला गेलो. डोक्यात होतं की त्यांच्या आजारी वावरात आता उशिरा का होईना पेरून बघावं. पण डिसेंबर लागला होता. थंडीत बुरशीच गारठते, बकरासुद्धा पटकन मरायचा नाही. शिवाय शेतकऱ्याच्या वावरात रोग सगळीकडे सारखा नसतो, समितीने तो कागद बाजूला सारला असता. जीपमध्येच हे आम्हाला कळत होतं. तरी गेलो.

दौलतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमच्या त्या नव्या साहेबांनी मर घालवली?"

"हो."

"आन ती कशी घालवली?"

मी प्लास्टिक पेपरचं सांगितलं. अख्ख्या वावरावर अंथरायचा, कडा बुजवायच्या, महिना-दीड महिना ठेवायचा. त्यांनी समोरच्या दोन एकरांवरून नजर फिरवली.

"म्हंजी रानाला पैठणी नेसवायची म्हणा की," ते म्हणाले. "मॅडम, बायकोला नेसवायला जमलं नाय अजून."

सर हसले. त्या सगळ्या दिवसांत ते तेवढेच हसले. पण दौलतभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. दहा गुंठे बरे करणं हे प्रात्यक्षिक. दोन एकर बरे करायचे तर बी-बियाण्याच्या कित्येक पट खर्च. आणि जे बी नुसतं पेरून भागलं असतं, वरचा एक पैसा न लागता, ते आमच्या खोलीत पाकिटात पडून होतं.

निघताना दौलतभाऊंनी विचारलं, "मग आमची पिशवी?"

"आणीन," सर म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. हंगाम अवैध ठरला. योजना संपली. पाकिटं मोठ्या केंद्राकडे गेली, तिथे त्यांना नवा नंबर पडला, आणि त्यानंतर मी कितीही फोन केले तरी 'बघतो मॅडम' यापलीकडे उत्तर आलं नाही. सर मे महिन्यात रिटायर झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. त्याच आठवड्यात निरगुड्यांच्या तुकड्याला विभागातलं उत्कृष्ट प्रात्यक्षिक म्हणून बक्षीस मिळालं. ते बक्षीस घ्यायला जाईनात, मीच त्यांना दटावून पाठवलं. मी मेलेल्या झाडांचे तुकडे पुन्हा गाडायला सुरुवात केली होती. पण आजार पाळायला वर्षं लागतात, आणि योजना नाही म्हटल्यावर मजूर मिळेना. मग त्या तुकड्यात गहू आला, उत्तम आला.

सरांनी रिटायर होताना मूठभर सतरा नंबर खिशात टाकून नेला होता. नियमात बसत नव्हतं. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या नाशिकरोडच्या घरामागे चार वाफे होते, तिथे ते दर थंडीत पेरायचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या तिथून. दरवर्षी मला फोन यायचा, "आहेरबाई, सगळा जगलाय." मी म्हणायचे, "छान सर." चांगल्या मातीत तो जगणारच होता. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी कधी विचारलं नाही की शेजारी बकरा पेरलाय का.

तीन-चार थंड्यांत मुठीचे काही किलो झाले. सरांनी एक कापडी पिशवी शिवून घेतली, तोंड सुतळीने बांधलं, आणि मला म्हणाले, "चला, दौलतभाऊकडे जायचंय." आम्ही एसटीने गेलो. दसऱ्याच्या पुढेमागे, पेरणीच्या आधी.

दौलतभाऊंकडे बोअर लागला होता. पाणी आलं तसा कांदा आला. ज्या वावरात मर होती तिथे आता कांद्याचं रोप उभं होतं, धाकट्या भावाने पलीकडे मका केला होता. घर नवं, ओटा फरशीचा. पिशवी बघून त्यांना क्षणभर आठवेना, मग आठवलं आणि ते एकदम उठून सरांच्या पाया पडले.

"सर, तुम्ही लक्षात ठेवलं हो. मी तर म्हनलं, साहेब लोक बोलून जात्यात."

"पेराल?" सरांनी विचारलं.

दौलतभाऊ वावराकडे बघत राहिले. "बघतो सर. आता हरभरा कोन करतं इकडं? समदा कांदाच हाय. पन बघतो, एखाद्या कोपऱ्यात टाकतो."

परतीच्या एसटीत सर झोपल्यासारखे बसले होते. झोपले नव्हते.

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, दौलतभाऊ आलेत, तुम्हीही या. मी गेले. कांदा घेऊन आलेल्या टेम्पोतून दौलतभाऊ नाशिकला आले होते, हातात स्टीलचा मोठा डबा. स्वच्छ धोतर, कपाळाला अजून थोडा गुलाल.

"घ्या मॅडम. पुरणपोळी."

आम्ही बसलो. सरांनी पहिला घास घेतला आणि दौलतभाऊ कौतुकाने म्हणाले, "सर, तुमच्याच सतरा नंबरचं पुरण हाय. कोपरा काय मोकळा झाला नाय बघा, रोप उरलं, तिथंबी कांदाच लावला. आन संक्रांतीपासून पिशवीत भुंगा दिसाया लागला. बायको म्हनली, एवढ्या मोठ्या मानसानं दिलेला दाना भुंग्याच्या तोंडी नको. मग समद्याची डाळ केली. पुरण काय झालंय बघा. अख्ख्या भावकीत वाटलं. समद्यांनी विचारलं, डाळ कुठली?"

मी हातातला घास ताटलीत ठेवला. सरांनी नाही ठेवला. त्यांनी सावकाश पोळी संपवली, वर दूध घेतलं, आणि म्हणाले, "गोड आहे हो. चव उतरलीय गावरानची." दौलतभाऊंचं तोंड फुललं. त्यांनी काहीही वाईट केलं नव्हतं. अन्न वाया जाऊ दिलं नाही, आणि शब्द पाळणाऱ्या माणसाला त्याचा वाटा आणून दिला.

सर आत गेले. डबा घासला, पुसला. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. सरांच्या काचेच्या कपाटात एक छोटी बाटली होती, वाफ्यातल्या शेवटच्या सतरा नंबरची. तेवढीच उरली होती. दारातून मला दिसत होतं, सरांचा हात बाटलीवर गेला, तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी शेजारचं कपाट उघडलं आणि डब्यात साखर घातली.

मी आता रिटायर झाले. नव्याने लागलेली पोरं कधी भेटली आणि अनुभव सांगा म्हणाली की मी जनुकांचं काही सांगत नाही, ते त्यांना माझ्याहून जास्त येतं. एवढंच सांगते, चांगल्या प्लॉटला पाटी नसली तरी चालेल, चांगल्याचं वाईट करायला कुणी मुद्दाम येत नाही. वाईट प्लॉटला मात्र मोठी पाटी लावा आणि ती कुणाच्या बापाला काढू देऊ नका. वाईटाचं चांगलं करायला सगळे टपलेलेच असतात.